क्लच पेडलची करकर

जुन्या पिकअपचे क्लच पेडल दाबताना होणारी करकर बहुतेक वेळा क्लचमधून येतच नाही. पेडल ज्या पिनेवर झुलते तिथला झिजलेला बुश, पाय उचलल्यावर पेडल मागे आणणाऱ्या स्प्रिंगची कोरडी टोके, नाहीतर पेडलची हालचाल पुढे नेणारा पिनेचा जोड, यांपैकी काहीतरी कुरकुरत असते. तिन्ही ठिकाणे डॅशबोर्डखाली, हात घातला तर सापडणारी आहेत. तरीही या आवाजाला घाबरून गिअरबॉक्स उतरवला जातो, चांगली चाललेली क्लच प्लेट बदलली जाते आणि नव्या प्लेटसह गाडी पुन्हा करकरत गॅरेजबाहेर पडते.

हुबळी-धारवाडला अशा गाड्यांची वाण नाही. अमरगोळच्या एपीएमसीत मिरची, कांदा, कापूस घेऊन येणारे टाटा २०७, बोलेरो पिकअप आणि २००५ साली बाजारात आल्यापासून ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस, यांतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षे कधीच मागे टाकली आहेत. या भागातली हवा-मातीही बुशाला सोसणारी नाही. पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळ्या जमिनीची बारीक धूळ उडते. पश्चिमेला कलघटगी-अळणावरकडे मलनाडचा पाऊस लागतो. चालकाच्या चपलेबरोबर चिखल केबिनमध्ये येतो, वाळून धूळ होतो आणि ग्रीसला चिकटतो. त्यात दोन्ही शहरांमधल्या सुमारे २२ किलोमीटरच्या रस्त्यावर बीआरटीएस बसना स्वतंत्र मार्गिका असली, तरी मालवाहू गाडीला इतर वाहनांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. तिथे क्लचवरचा पाय फारसा उठत नाही.

दुरुस्तीआधी आवाजाची जागा ठरवावी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करावी आणि इंजिन बंद ठेवूनच पेडल सावकाश दाबावे. करकर आली तर दोष पेडल, स्प्रिंग, वायर किंवा क्लच फोर्क यांत आहे. इंजिन बंद असताना पेडल मुके आणि चालू इंजिनावर पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबले की शांतता, असे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासावे लागते. शेवटची दोन कामे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाहीत, ती मेस्त्रीकडेच सोपवावीत.

पहिल्या प्रकारात एकाने हाताने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली वाकावे. स्प्रिंगच्या आकड्यावर, मग जोडाच्या पिनेवर, मग मुख्य बुशावर बोट टेकवत गेले की थरथर कुठे आहे ते हाताला कळते. एकेका जागी स्प्रे मारून पाहण्याची रीतही उपयोगी आहे: ज्या थेंबाने आवाज थांबला, ती जागा दोषी. पण स्प्रेचे काम एवढेच. पातळ तेल उरलेसुरले ग्रीस धुऊन काढते, स्वतः चार दिवसांत उडून जाते आणि मधल्या काळात धुळीशी मिसळून पॉलिश पेपरसारखे घासत राहते. स्प्रेने आवाज दबतो, झीज चालूच राहते.

टिकाऊ दुरुस्तीसाठी पेडल काढावे लागते. स्प्रिंग ताणलेली असते. ती पकडीने धरून, तोंड बाजूला ठेवूनच सोडवावी. मग जोडाची स्प्लिट पिन आणि शेवटी मुख्य बोल्ट. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे पेडलही त्याच शाफ्टवर असते, म्हणून कोणता वॉशर कुठे होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे. बाहेर आलेला नायलॉनचा बुश अंडाकृती झालेला किंवा चिरलेला दिसला, तर त्याला ग्रीस फासण्यात अर्थ नाही, नवाच घालावा. मूळ बुश मिळत नसेल तर मापाचा बुश लेथवर करून मिळतो. गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत असले काम कुणाला नवे नाही. पिनेवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावी. नखाला खाच लागत असेल तर पिनही बदलावी, नाहीतर ती नवा बुश खाऊन टाकते. रॉकेलने पुसून, सुकवून, लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांनाही तेच. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. ब्रेकचे पेडल हलवले असेल तर गाडी सोडण्याआधी ब्रेक आणि मागचा लाल दिवा दोन्ही तपासावेत.

क्लचला वायर असलेल्या गाडीत करकर वायरच्या आवरणातूनही येते. पेडल जड होत चालले असेल तर आतले धागे तुटू लागले आहेत असे समजावे. अशी वायर तेल पाजून जगत नाही. नवी घातल्यावर पेडलचा मोकळा खेळ गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवावा. खेळ उरला नाही तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहते आणि प्लेट सरकू लागते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीला साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नये. त्याने रबर फुगते. तिथे रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीसच वापरावे. टोपीच्या मागे ओल दिसली तर करकरीपेक्षा मोठे दुखणे, म्हणजे गळका सील, हाती लागले आहे.

क्लच फोर्क ज्या गोळीवर टेकतो ती कोरडी पडली तरी आवाज थेट पेडलमध्ये ऐकू येतो. फटीतून स्प्रेची नळी आत घालून हा आवाज गप्प करण्याचा मोह होतो, तो टाळावा. तेलाचे शिंतोडे क्लच प्लेटवर गेले की भरलेली गाडी चढावर जागची हलत नाही. ग्रीसची बोटभर बचत अशा वेळी प्लेटच्या किमतीला पडते.

नवा बुश, नवी पिन, ताजे ग्रीस हे सारे होऊनही आवाज परतला, तर पेडल पेलणारा ब्रॅकेट उजेडात नीट पाहावा. जुन्या गाड्यांत तिथे तडा जातो आणि पेडल दाबताना पत्राच वाकून कुरकुरतो. त्यावर ग्रीसचा इलाज नाही. वेल्डिंग किंवा नवा ब्रॅकेट होईपर्यंत गाडीत माल भरू नये.