चोलॉनहून आलेल्या बायका

२०२५ च्या गणपतीत, ३१ ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या रविवारी ऑस्ट्रेलियातल्या शहराशहरांत स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारात भारतीयांचं नाव घेतलेलं होतं. ते झोंबलंच. पण त्या आठवड्यात एका घरी आरतीनंतर जे ऐकलं ते जास्त झोंबलं. "आपण रीतसर व्हिसा घेऊन आलो, बोटीतून घुसलो नाही," असं एक जण म्हणाला आणि चौघांनी माना डोलावल्या. त्याच वर्षी एप्रिलच्या ३० तारखेला सायगाव पडल्याला पन्नास वर्षं झाली होती. त्यानंतर व्हिएतनाममधून बोटीनं निघालेले लोक कोण होते, हे या तरुण मंडळींना कुणी सांगितलेलं नसावं. मी ऐंशीचं दशक त्यांच्या शेजारात काढलं, सिडनीच्या पश्चिमेला कॅनली व्हेल आणि कॅब्रामाटाच्या मधल्या गल्ल्यांत. तेव्हा हे काम माझं आहे.

कॅब्रामाटात उतरलेल्यांना सगळे सरसकट 'व्हिएतनामी' म्हणत. त्यांतले बरेच जण वंशानं चिनी होते. व्हिएतनाममध्ये त्यांना होआ म्हणतात. सायगावला लागून असलेलं चोलॉन हे त्यांचं मोठं गाव. तांदळाच्या गिरण्या, कापड आणि घाऊक व्यापार बराचसा त्यांच्या हातात होता. फ्रेंचांच्या काळाबद्दल इतिहासकार पानंच्या पानं लिहितात. मला त्यात कर आणि परवाने यांपलीकडे फारसं काही सापडत नाही. खरी गोष्ट १९५६ पासून सुरू होते. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांनी तिथे जन्मलेल्या चिन्यांना सक्तीनं व्हिएतनामी नागरिक केलं, नावं व्हिएतनामी करायला लावली आणि परक्या नागरिकांना अकरा व्यवसायांची दारं बंद केली. लोकांनी शेवटी नागरिकत्व घेतलं, नावं बदलली, मुलांना व्हिएतनामी शाळांत घातलं. मिसळून जा म्हटलं, तर ते मिसळले.

याचा उपयोग किती झाला, ते १९७८ मध्ये दिसलं. २३ मार्चला, सायगाव पडल्यावर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीनं खाजगी व्यापार बंद केला आणि चोलॉनची घरं-दुकानं घेरली. तरुण स्वयंसेवक घरात शिरून मालाच्या याद्या करू लागले. मे महिन्यात चलन बदललं आणि गाठीला ठेवलेल्या नोटांचं मोल गेलं. व्यापाऱ्यांना 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त, म्हणजे रानात, शेती करायला धाडण्यात येऊ लागलं. उत्तरेतले होआ तर कोळी, खाणकामगार, शेतकरी. त्यांच्याकडे जप्त करण्यासारखं काही नव्हतं. चीनशी बिनसताच तेही परके ठरले. अडीच लाखांच्या आसपास माणसं सीमा ओलांडून चीनमध्ये गेली आणि तिथल्या सरकारी शेतमळ्यांवर पुन्हा परकी म्हणून राहिली. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीननं व्हिएतनामवर हल्ला केला तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते आणि दौरा आटोपता घेऊन परतले. माझ्या पिढीला त्या युद्धाचं तेवढंच आठवतं. व्हिएतनामसाठी घसा कोरडा करणारी आपली पुरोगामी मंडळी या माणसांबद्दल गप्प राहिली, याचा राग मला आजही आहे.

दक्षिणेतून निघायचं तर माणशी आठ ते दहा लुओंग सोनं मोजावं लागे. एक लुओंग म्हणजे साडेसदतीस ग्रॅम. सुरक्षा खात्याचे अधिकारीच ते घेत आणि बोटीकडे काणाडोळा करत. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय हाँग' नावाचं जुनाट जहाज अडीच हजार माणसं घेऊन मलेशियाच्या क्लांग बंदराबाहेर उभं राहिलं. सरकारनं त्यांना उतरू दिलं नाही. सोनं देऊन आले म्हणून ते निर्वासितच नाहीत, असा युक्तिवाद तेव्हा झाला. घरदार लुटलं गेल्यावर उरलंसुरलं सोनं जिवासाठी देणाऱ्याला निर्वासित म्हणायचं नाही, तर कुणाला म्हणायचं? हजारो माणसं वाटेत बुडाली, थायलंडच्या आखातात चाच्यांनी बोटी लुटल्या, बायकांवर अत्याचार केले. पुलाव बिडाँग या जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या बेटावर जून १९७९ मध्ये चाळीस हजार लोक राहत होते. पुढच्या महिन्यात जिनिव्हाला परिषद झाली आणि देशांनी दोन लाख साठ हजार जागा देऊ केल्या.

आता 'घुसलो नाही' या शब्दांकडे येते. १९७६ ते १९८१ या काळात बोटीनं थेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेले लोक होते २,०५९. बाकीचे हजारो छावण्यांत मुलाखती देऊन, तपासण्या करून, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कागदांवर विमानानं आले. आपल्यासारखेच.

त्या दिवसांत मी तयार कपड्यांच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत होते. कारखाना म्हणायचा, पण तिथे फक्त कापड बेतलं जाई. शिलाई होई ती चोलॉनहून आलेल्या बायकांच्या घराघरांतल्या गॅरेजमध्ये. संध्याकाळी व्हॅन निघायची, गठ्ठे टाकून यायची. सोमवारी टाकलेला माल बुधवारी हवा असे. काजबटण, कॉलर, अस्तर, ओव्हरलॉक, प्रत्येकाचा वेगळा दर. दुकानात ज्या ब्लाउजला पन्नास डॉलर पडत, त्याच्या शिलाईचे बाईला दोन डॉलरसुद्धा मिळत नसत. शिलाई वाकडी म्हणून पैसे कापले जात, आणि पुष्कळदा ती वाकडी नसे. ते आकडे माझ्या हातून वहीत जात, म्हणून सांगते आहे. शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकून धागे कापायला बसत.

त्या बायकांतल्या एकीचं चोलॉनला कापडाचं दुकान होतं, हाताखाली आठ-दहा माणसं. इथे ती रात्री दोनपर्यंत दुसऱ्याच्या कॉलरी शिवत होती. बिडाँगवर सहा महिने काढून ती आली. तिच्या नणंदेची बोट कुठेच पोहोचली नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, चहाच्या सुट्टीत, आणि उठून मापं मोजायला लागली.

बँका या लोकांना दारात उभं करत नसत. मग त्यांनी भिशी लावली. चोलॉनची जुनी रीत, नाव 'हुई'. दरमहा वर्गणी, ज्याला निकड त्यानं आधी उचलायची आणि त्याचं व्याज सोसायचं. लिखापढी काही नाही, शब्दावर सगळं. भिशी चालवणारा पळून गेल्याचे प्रसंगही घडले आणि घरं बसली. तरी कॅब्रामाटातल्या जॉन स्ट्रीटवरच्या कितीतरी दुकानांचं पहिलं भांडवल या भिशीतूनच उभं राहिलं. थिएन हाऊ या समुद्रदेवीचं देऊळही त्यांनी कॅनली व्हेलला बांधलं.

मार्च १९८४ मध्ये इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी वॉर्नाम्बूलच्या भाषणात आशियाई लोक फार वेगानं येताहेत, असं म्हटलं आणि सगळा देश त्यावर बोलू लागला. हे लोक एकत्र गर्दी करून राहतात, मिसळत नाहीत, कामं पळवतात. कॅब्रामाटाला 'व्हिएतनामाटा' म्हणून हिणवलं जाई. गर्दी का, तर स्थलांतरितांची वसतिगृहं कॅब्रामाटा आणि व्हिलावूडला होती, भाडी तिथेच परवडत आणि कारखाने चालण्याच्या अंतरावर होते. एवढं साधं कारण एका मोठ्या इतिहासकाराला शोधावंसं वाटू नये, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

नव्वदच्या दशकात मी तिथून हलले. हेरॉइन, टोळ्या, १९९४ मध्ये आमदार जॉन न्यूमन यांचा खून, हे वर्तमानपत्रांनी इतकं लिहिलं की मी त्यात भर घालत नाही. १९९५ मध्ये कामगार संघटनेनं घरी शिवणाऱ्या बायकांवर अहवाल काढला तेव्हा लोकांना धक्का बसला. ज्यांच्या गॅरेजमध्ये दशकभर दिवे जळत होते, त्यांना बसला नाही.

आता कॅब्रामाटाला पर्यटक फो खायला येतात. सायगावहून लहानपणी बोटीनं निघालेल्या के हुई क्वान यांना २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, त्याचा मलाही आनंद झाला. पण 'त्यांनी किती छान जुळवून घेतलं' असं कौतुकानं म्हटलं जातं तेव्हा जुळवून घेण्याची किंमत कुणी विचारत नाही. बायकांच्या पाठी आणि डोळे गेले. नातवंडांना आजीची तेओच्यू ही चिनी बोली येत नाही. भिशी चालवणारी पिढी सत्तरी-ऐंशीत आहे, आणि त्यांच्या दुकानांचं पुढे काय करायचं ते मुलांना कळत नाही, कारण ती डॉक्टर आणि अकाउंटंट झाली.

आणि आता तेच आरोप आपल्यावर होत आहेत. फार येतात, फार वेगानं येतात, सिडनीतल्या हॅरिस पार्कला एकत्र राहतात. उत्तरादाखल आपण आपल्या पदव्या आणि व्हिसे दाखवतो आणि बोटीकडे बोट करतो. चोलॉनच्या लोकांकडे नागरिकत्व होतं, व्हिएतनामी नावं होती, भाषा होती. १९७८ मध्ये त्यातलं काही कामी आलं नाही.

पर्रामाटा, वेस्टमीड, हॅरिस पार्कच्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या आरतीला कुणी 'आपण बोटीतून आलो नाही' म्हणालं, तर मान डोलावू नका. त्याला २,०५९ हा आकडा सांगा, आणि त्या बायकांनी शिवलेल्या ब्लाउजांचे दरही सांगा.