इलिनॉयचं सोयाबीन आणि मुखेडची हवा

अर्बाना (इलिनॉय), ऑगस्ट

इथं गावाबाहेर पडलं की चहूकडे सोयाबीन आणि मका. माती आपल्या गोदाकाठासारखी काळी आणि खोल, पण जमीन इतकी सपाट की मुखेडच्या डोंगराळ, मुरमाड रानांत वाढलेल्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. अमेरिकेत सोयाबीनच्या उत्पादनात इलिनॉय बहुतेक वर्षी पहिलं असतं. राज्याची सरासरी अलीकडे एकरी ६० बुशेलच्या वर गेली आहे, म्हणजे १६ क्विंटलहून जास्त. महाराष्ट्राची सरासरी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. लातूरच्या मोंढ्यात भाव उतरला की शिकागोच्या बाजाराचं नाव निघतंच, तेव्हा हा मुलूख आपल्या कास्तकाराला ऐकून तरी माहीत आहे.

एवढा उतारा घेणाऱ्या या लोकांनाही पिकाचा काही हिस्सा दरवर्षी हवेला द्यावा लागतो. तो किती, हे त्यांनी मोजलं आहे. आपण आपल्या शिवारात मोजलेलं नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या विद्यापीठाच्या शेतावर २००१ मध्ये 'सॉयफेस' नावाचा प्रयोग सुरू झाला. उभ्या सोयाबीनमध्ये सुमारे वीस मीटर व्यासाची नळ्यांची कडी मांडतात. वारा कुठून येतो ते यंत्र पाहतं आणि त्या बाजूच्या नळीतून पिकावर वायू सोडतं. वर छप्पर नाही, भोवती काच नाही. ऊन, पाऊस, कीड, सगळं शेजारच्या रानाला जसं, तसंच कड्यातल्या पिकाला. काही कड्यांत कार्बन डायऑक्साइड वाढवतात, काहींत ओझोन. २००२ आणि २००३ च्या हंगामांत ओझोन सुमारे २३ टक्क्यांनी वाढवला, तर सोयाबीनचा उतारा सरासरी २० टक्क्यांनी घटला. पुढे सात वाणांवर ओझोनच्या नऊ पातळ्या ठेवून पाहिलं. हवेच्या अब्ज भागांत ओझोनचा एक भाग वाढला की हेक्टरी ३७ ते ३९ किलो सोयाबीन कमी येतं, असा हिशेब निघाला. एकरी धरला तर पंधरा किलो. दहा भाग वाढले तर दीड क्विंटल. हे आकडे इथल्या वाणांचे आणि इथल्या उताऱ्याचे आहेत, ते जसेच्या तसे मुखेडला लावता येणार नाहीत. पण दिशा त्यांतून स्पष्ट कळते.

ओझोन म्हटलं की आपल्याला शाळेतला तो वरचा थर आठवतो, जो आपलं रक्षण करतो. हा ओझोन त्या थरातला नव्हे, जमिनीलगतचा. तो कुठल्याही धुराड्यातून थेट निघत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, जाळलेला पालापाचोळा यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सेंद्रिय वाफा निघतात आणि कडक उन्हात त्यांपासून ओझोन घडतो. घडायला वेळ लागतो, तोवर वारा तो धूर कोसच्या कोस लांब नेतो. शिवाय शहराच्या रस्त्यावरचा ताजा धूर ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून शहराच्या चौकापेक्षा वाऱ्याखालच्या शेतात ओझोन अनेकदा जास्त भरतो. ज्या हवेला आपण गावाकडची स्वच्छ हवा म्हणतो, तिच्यात तो असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

पान जेवतं त्याच वाटेने तो आत शिरतो. कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पानाची रंध्रं उघडतात आणि त्याच दारातून ओझोन जातो. आतल्या ओलाव्यात तो विरघळतो आणि अतिशय तिखट अशी ऑक्सिजनची रूपं तयार होतात. ती पेशींची आवरणं पोखरतात. प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडून साखर करणारं जे मुख्य विकर आहे, रुबिस्को, त्याचं प्रमाण घटतं. तयार झालेल्या साखरेतला वाटा दाण्याऐवजी डागडुजीवर खर्च होतो. पान वेळेआधी म्हातारं होऊन गळतं, आणि ते नेमकं शेंगांत दाणा भरायच्या दिवसांत. रोप मरत नाही. रान लांबून हिरवंच दिसतं. मळणी झाल्यावर दाणा बारीक निघतो आणि आपण पावसाला किंवा बियाण्याला बोल लावतो.

अमेरिकेला हे कळलं ते भाजीपाल्यामुळे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास पालेभाज्यांची पानं विचित्र डागाळू लागली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने मोटारी आणि तेलकारखान्यांच्या धुरातून ऊन ओझोन कसं घडवतं ते दाखवलं. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षाच्या पानांवरचे ठिपके ओझोनचे असल्याचं सिद्ध झालं, १९५९ मध्ये तंबाखूच्या पानांवरचे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात माणसाच्या आरोग्यासाठी एक मर्यादा आणि पिकं, झाडं यांच्यासाठी दुसरी, अशी सोय झाली. ओझोनसाठी या दोन्ही मर्यादा आज एकच आहेत, अब्जात ७० भाग. इथले शास्त्रज्ञ पिकांची मर्यादा वेगळी आणि कडक हवी म्हणून भांडत आले आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. १९८० ते २०११ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा ओझोनने सोयाबीन सुमारे ५ टक्के आणि मका सुमारे १० टक्के खाल्ल्याचं दिसलं. आणि हे कायदा असूनही.

पिकाचं मोजमाप हे लोक जिवापाड जपतात, ही या देशाची गोष्ट मला मनापासून आवडते. विद्यापीठाच्या ऐन आवारात १८७६ पासून मक्याचे प्रयोगाचे वाफे आहेत. १९६० च्या दशकात शेजारी वाचनालय बांधायचं ठरलं, तेव्हा त्याची सावली मक्यावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं.

आपल्याकडेही मोजणारे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले सचिन घुडे आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये देशाचा हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे नऊ कोटी चाळीस लाख लोकांना पुरेल एवढं हे धान्य. सोयाबीन आणि कापसाचं नुकसानही त्यांनी मांडलं आहे. २००९ मध्ये ठरलेली आपली ओझोनची मर्यादा, आठ तासांना १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ५० भाग, कागदावर अमेरिकेपेक्षा कडकच आहे. पण मोजणारी यंत्रं बहुतेक शहरांत, आणि पीक शिवारात.

मुखेडसाठी हंगामाचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं, हवा धुतली जाते, ओझोन खाली येतो. त्यामुळे खरिपाचं सोयाबीन बऱ्यापैकी सुटतं. पाऊस सरला की ओझोन पुन्हा चढू लागतो आणि उन्हाळ्यात कळस गाठतो. म्हणजे हरभरा आणि गहू सापडतात, आणि मला जास्त काळजी आहे ती बियाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या उन्हाळी सोयाबीनची. त्याच्या शेंगा भरतात मार्च-एप्रिलच्या उन्हात. त्याला पाणी दिलेलं असतं, म्हणून रंध्रं उघडी राहतात. कोरड्या रानातलं रोप रंध्रं मिटून थोडंफार वाचतं, भिजवलेलं वाचत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आपले एमएयूएस वाण याही कसोटीवर घासून पाहावेत, असं मला फार वाटतं.

सगळीकडे महागडी कडी लागतात असं नाही. इथे संशोधन संस्था आणि वनस्पती उद्यानांत 'ओझोन बागा' आहेत. घेवड्याच्या दोन जाती शेजारी लावतात, एक ओझोन सोसणारी, एक न सोसणारी. दुसरी डागाळली आणि पहिली हिरवी राहिली की हवेत ओझोन आहे हे शाळकरी पोरांनाही कळतं. मुखेड, कंधार, देगलूरच्या शाळांतून हे जमण्यासारखं आहे.

तोवर उन्हाळी सोयाबीनच्या रानात एवढं पाहा. खालची, जुनी पानं घ्या. वरच्या बाजूला शिरांच्या मधे बारीक तांबूस ठिपके आहेत का, शेंड्याची कोवळी पानं स्वच्छ आहेत का, ते बघा. मग पान उलटं करा. खाली तांबेऱ्याची पूड नाही, कोळी नाही, तुडतुडे नाहीत, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी ते पान सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ओझोनचे डाग असतील तर कुठल्याही बुरशीनाशकाचा त्यांच्यावर उपयोग नाही, आणि फवारणीचे पैसे तेवढे वाचतील.