जामिनाची किंमत

क्रयशक्तीचे पाठबळ नसलेली इच्छा ही 'मागणी' नव्हे, असे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्ही शिकवितो. माझ्या वर्गातून पुढे विधी महाविद्यालयात गेलेला एक विद्यार्थी परवा घरी आला होता. कंपन्यांची कामे पाहणाऱ्या कचेरीतील जागा नाकारून त्याने कच्च्या कैद्यांचे जामीनअर्ज लिहिण्याचे काम पत्करले आहे. वडील नाराज आहेत. खरे सांगायचे तर मीही त्याला समजावण्याच्याच बेतात होतो.

विधी साहाय्य केंद्रातर्फे तो प्रथम तुरुंगात गेला, तेव्हा त्याला भेटला जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेला एक बिगारी. जामीनदार हवा, त्याच्यापाशी ऐपतीचा दाखला हवा. आणि पोटासाठी परगावाहून आलेल्या माणसाची कोणा ऐपतदाराशी ओळख असणार? "सर, तुमचा मागणीचा नियम मला तिथे समजला," तो म्हणाला.

हे दुखणे जुनेच आहे. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. अखेर न्या. कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका करविली. तरीही २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा होता.

मग चोरांना मोकाट सोडावे काय, असे कोणी विचारील. पण जामिनाच्या रकमेने माणसाचा धोका मोजला जात नाही, खिसा मोजला जातो. पैसेवाला दांडगा संध्याकाळी घरी जातो. बिगाऱ्याची मजुरी बुडते, खोलीचे भाडे थकते, मुलांची शाळा सुटते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळले आहेत. एकाहून अधिक खटले असणाऱ्यालाही ही सवलत नाही. अर्ज तुरुंगाधीक्षकांनी करावयाचा. पण दिवस मोजणार कोण? माझा विद्यार्थी वहीत तेच मोजत बसतो.

या हिशेबाला दोन मुले द्या, असे तो जाताना म्हणाला. सोमवारी वर्गात विचारणार आहे. त्यांच्या पालकांना काय सांगावे, ते मात्र अजून ठरलेले नाही.