ओडेन की ड्युरंट?

२००७मध्ये पोर्टलंडच्या बास्केटबॉलप्रेमींत वाद रंगला होता: एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला कोण घ्यायचा? सात फुटी ग्रेग ओडेन की केव्हिन ड्युरंट? चाचणीत ड्युरंटला ८४ किलोंचा बार एकदाही उचलता आला नव्हता. (म्हणे ताकद महत्त्वाची!) संघाने ओडेन घेतला. सप्टेंबरातच त्याच्या गुडघ्यातल्या खराब झालेल्या कूर्चेसाठी शस्त्रक्रिया झाली.

कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती सहसा भरून येत नाही. मग ओडेनसारख्या शस्त्रक्रियेत तिच्याखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतून झिरपलेल्या रक्तातून नवी कूर्चा धरते. पण मूळच्या गुळगुळीत, चिवट कूर्चेची सर तिला नाही.

ओडेन पोर्टलंडकडून जेमतेम ८२ सामने खेळला. ड्युरंट २०१४मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.