फायबरच्या आतलं लाकूड

दुबईत अल मनखूलमधल्या भारतीय कुटुंबांचा खाडीशी संबंध येतो तो बहुधा बर दुबईच्या धक्क्यावर. एका दिरहममध्ये अब्रा नावाच्या होडीत बसायचं आणि समोर देऱ्याला उतरायचं. पर्यटकांच्या फोटोंत येतात त्या याच अब्रा आणि सामानानं लादलेली मोठी लाकडी गलबतं. मासेमारीचं रोजचं काम करणारी तर्राद त्या फोटोंत नसते. ती असते जुमेरा आणि उम्म सुकीमच्या मासेमारी बंदरांत: फायबरची, उघडी, लांबट होडी, मागे एक किंवा दोन आउटबोर्ड इंजिनं. मोठं लाकडी लाँच काही दिवस समुद्रात राहतं. तर्राद बहुतेक त्याच दिवशी मासळी घेऊन परत येते. मला या साध्या बोटीबद्दल फार आदर वाटतो, आणि तिच्या म्हातारपणाबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच.

फायबर आलं म्हणजे सुताराची विद्या संपली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जुन्या अरबी आणि भारतीय गलबतांत कण्यावर आधी फळ्या चढत आणि आतल्या फासळ्या नंतर बसत. फायबरची होडीही बाहेरून आतच घडते. साच्याला मेण चोळायचं, त्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट मारायचा. बोटीचा दिसणारा रंग तो हाच. मग काचेच्या तुकड्यांची मॅट आणि विणलेलं काचकापड थरावर थर, प्रत्येक थर पॉलिएस्टर रेझिननं भिजवलेला. रोलर दाबून फिरवत हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. आखाती उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रेझिन हातातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून हार्डनर कमी घालायचा आणि काम पहाटे उरकायचं. यंत्र इथे काही ठरवत नाही; कारागिराचा हात ठरवतो.

अमिरातीत 1982 साली सुरू झालेली गल्फ क्राफ्ट आज आलिशान यॉटसाठी ओळखली जाते, पण तिची सुरुवात लहान फायबर बोटींपासूनच झाली. जगभरच सुरुवातीच्या काळात बांधणाऱ्यांचा या नव्या पदार्थावर पूर्ण भरवसा नव्हता, म्हणून अनेकांनी तळ गरजेपेक्षा जाड ठेवले. तसले तळ कित्येक दशकं टिकतात. अर्थात नुसती जाडी म्हणजे ताकद नव्हे. रेझिन जास्त आणि काच कमी असेल, तर जाड तळही ठिसूळच.

खरा धोका मात्र काचेत नसतोच. इंजिन टांगायची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, आणि तळातले लांब आडे जुन्या बोटींत बहुधा प्लायवूडवर किंवा लाकडावर फायबर चढवून केलेले असतात. इंजिनाच्या बोल्टसाठी भोक पाडलं, त्यातलं सील सुकलं, की पाणी आत शिरतं. लाकूड कुजत जातं आणि वरचा रंग चकचकीतच राहतो. मडकं घेताना टिचकी मारून पाहतो, तसं लहान हातोडीनं ट्रान्समवर वाजवत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतला थर सुटलाय किंवा लाकूड भिजलंय. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार द्यावा. भिंत हलली तर त्या बोटीनं समुद्रात जाऊ नये. तळावर येणाऱ्या फोडांना लोक जास्त घाबरतात. जेलकोटमधून पाणी झिरपून ते होतात, फोडले की आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. बहुतेक वेळा त्यांवर सवडीनं इलाज होतो. कुजलेला ट्रान्सम सवड देत नाही.

बोट हाकण्याचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. अरबी आखात उथळ आहे, सरासरी खोली सुमारे 35 मीटर. वायव्येकडून शमाल वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. समोरून लाट येत असेल तर इंजिनाचा कोन बदलून नाळ थोडी खाली आणायची, म्हणजे पुढचा धारदार भाग पाणी कापतो. लाट मागून येत असेल तर तीच नाळ वर ठेवायची, नाहीतर ती पुढच्या लाटेत रुतते आणि बोट आडवी फिरते. तळात भरलेला फोम पाणी प्यायलेला असेल तर बोटीचं वजन वाढलेलं असतं, मागची बाजू बसलेली असते, आणि हे कोन साधत नाहीत. त्यात मासे पकडायच्या तारेच्या पिंजऱ्यांची, गरगूरांची रास उंच रचलेली असली तर तोल आणखी नाजूक. हाकणाऱ्याचा दोष म्हणून जे सांगितलं जातं, ते कधी कधी तळात साचलेलं पाणी असतं.

कोकणात लाकडी होड्यांवर बाहेरून फायबर चढवतात, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून वाचायला. तिथेही नियम तोच: ओल्या लाकडावर फायबर चढवलं तर ओल आत कोंडते आणि लाकूड झाकणाखाली सडतं.

पॉलिएस्टरचा तळ एकदा कडक झाला की वितळवून पुन्हा ओतता येत नाही, त्यामुळे टाकलेली बोट किनाऱ्यावर पडून राहते. दुरुस्ती मात्र शक्य असते. सडलेलं लाकूड काढून टाकायचं, आतली बाजू पूर्ण सुकू द्यायची, काचेच्या कडा जाडीच्या बारापट लांबीचा उतार देऊन घासायच्या आणि नवे थर इपॉक्सीनं बसवायचे, कारण जुन्या पॉलिएस्टरला इपॉक्सी अधिक घट्ट धरते. मग बोल्टचं भोक मुद्दाम मोठं पाडायचं, इपॉक्सीनं बुजवायचं आणि तिच्याच मधोमध पुन्हा बोल्टच्या मापाचं पाडायचं. पुढे सील सुकलं तरी पाण्याची गाठ आधी इपॉक्सीशी पडते, लाकडाशी नाही.