छप्पन सालचा संच

जुन्या बेसबॉल कार्डांचा नाद ज्याला लागतो तो प्रथम हाती येईल ते कार्ड गोळा करीत सुटतो; परंतु पुढे केव्हा तरी एखादा संच पहिल्या क्रमांकापासून अखेरच्या क्रमांकापर्यंत पुरा करावा अशी तळमळ त्याला लागते, आणि मग कोणता संच निवडावा हा प्रश्न त्याची पाठ सोडीत नाही. माझे मत आरंभीच नमूद करतो. टॉप्स कंपनीने १९५६ साली काढलेला ३४० कार्डांचा संच निवडावा. इतका देखणा, इतका थोर खेळाडूंनी भरलेला आणि तरीही बेताच्या मिळकतीत हळूहळू पुरा होण्याजोगा संच माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तंबाखूच्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रे घालू लागल्या. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पांढऱ्या किनारीची पाचशेहून अधिक कार्डे काढली, तोच प्रसिद्ध टी-२०६ संच. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने गमबरोबर २४० कार्डांचा संच काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन व टॉप्स यांच्यात खेळाडूंच्या करारांवरून चुरस लागली, आणि १९५६ च्या आरंभी टॉप्सने बोमनला विकत घेऊन ती संपविली.

टी-२०६ या क्रमांकामागे ज्या गृहस्थाचे परिश्रम आहेत त्याच्याविषयी मात्र घाईने लिहिणे मला जमणार नाही. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस गावी विजेची उपकरणे जोडण्याचे काम करणारा साधा कामगार. संधिवाताने बोटे आखडत चाललेली, आणि तरीही छापील कागदाच्या या क्षुद्र मानल्या गेलेल्या चिटोऱ्यांची त्याने अशी पद्धतशीर वर्गवारी केली की १९३९ साली प्रथम निघालेल्या त्याच्या सूचीतील अक्षरे व अंक आजही बाजारात प्रमाण मानले जातात. आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह, ज्यात सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डे आहेत, त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि आयुष्याची अखेरची वर्षे तेथेच बसून ती कार्डे वह्यांत चिकटविण्यात घालविली. १९६३ च्या जानेवारीत काम पुरे झाले व मार्चमध्ये तो वारला. मुलाकडे न्यू जर्सीत मुक्काम असताना मी त्या म्युझियमच्या अमेरिकन विभागात गेलो तेव्हा आळीपाळीने मांडली जाणारी थोडीच कार्डे पाहावयास मिळाली. परंतु आगपेटीहून फारशा मोठ्या नसलेल्या त्या तुकड्यांवरील नारिंगी व हिरव्या पार्श्वभूमीचे शिळाछापाचे रंग शंभर वर्षांनंतरही इतके सतेज होते की शेजारच्या दालनातील तैलचित्रांची मला आठवणही राहिली नाही.

असे असूनही टी-२०६ निवडावा असे मी म्हणणार नाही. त्यातील होनस वॅग्नरच्या कार्डाचे वितरण लवकरच थांबले, त्याच्या पन्नास-साठच प्रती ज्ञात आहेत, आणि २०२१ साली एक प्रत ६६ लाख डॉलरांवर गेली. शिवाय, जिला पीएसए या परीक्षक संस्थेने आपला अगदी पहिला दाखला दिला त्या सुप्रसिद्ध वॅग्नर-प्रतीच्या कडा कापलेल्या होत्या, हे ती विकणाऱ्या लिलावदारानेच २०१३ साली न्यायालयात कबूल केले. टॉप्सच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचाची गोष्ट याहून वेगळी नाही. त्यातील ३११ पासूनची कार्डे हंगाम सरता सरता बाजारात आली, मुलांचे लक्ष तोवर फुटबॉलकडे वळले होते, आणि न खपलेला माल आपण १९६० च्या सुमारास अटलांटिक महासागरात बुडविला असे संचाचे कर्ते साय बर्गर यांनी पुढे सांगितले. मिकी मँटलचे कार्ड नेमके ३११ क्रमांकाचे, आणि त्याची एक उत्तम प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना गेली. जो संच पुरा होणे आपल्या मिळकतीपलीकडे आहे तो निवडून उमेद खचवून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता छप्पनचा संच. कार्ड आडवे, पावणेचार इंच लांब व दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद. एका बाजूस खेळाडूचा मोठा चेहरा, त्याच्यामागे मैदानावरील प्रत्यक्ष खेळाचा प्रसंग, आणि त्यावर त्याच्या स्वाक्षरीची प्रतिकृती. पाठीवर वरच्या अंगास तीन व्यंगचित्रे व खाली गतवर्षाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. चेहऱ्यांची चित्रे पुष्कळशी १९५५ च्याच संचातून उचललेली आहेत हे खरे. परंतु मागच्या प्रसंगचित्रांत जी गती आहे ती आदल्या वा नंतरच्या कोणत्याही संचात मला आढळली नाही. तीस क्रमांकाचे जॅकी रॉबिन्सनचे कार्ड पाहा. कृष्णवर्णीयांना सुमारे साठ वर्षे बंद असलेले मोठ्या स्पर्धांचे दार ज्याने १९४७ साली उघडले, तो हा पुरुष तेथे होम प्लेटवर धुळीत घसरत शिरतो आहे. १९५६ च्या हंगामानंतर त्याने खेळ सोडला, त्यामुळे टॉप्सने त्याच्या खेळण्याच्या काळात काढलेले हे शेवटचे कार्ड. त्याच्या शेजारचे एकतीस क्रमांकाचे कार्ड हँक आरनचे; पण मागे होम प्लेटकडे झेपावणारा खेळाडू आरन नसून विली मेज आहे, चित्रकाराने केवळ टोपी व गणवेश बदलला. या आकाराची कार्डे एका पानावर आठ खिसे असलेल्या प्लॅस्टिकच्या वहीत बसतात, तेव्हा ही दोघे एकाच पानावर येतात आणि पान उलटताच पहिले कार्ड क्रमांक ३३, रोबर्टो क्लेमेंटे. पोर्टो रिकोच्या या मानी खेळाडूचे नाव पुढे वर्षानुवर्षे टॉप्सने ‘बॉब’ असे छापले. छप्पनमध्ये ते अजून त्याचे स्वतःचे आहे. करारांच्या भांडणामुळे दोन वर्षे टॉप्सबाहेर राहिलेला मँटल याच संचात परतला, आणि त्याच वर्षी फलंदाजीचे तिन्ही मान त्याने मिळविले. एक उणीव आहे: सेंट लुईसचा स्टॅन म्यूझियल यात नाही, आणि त्याची भरपाई कशानेही होत नाही.

प्रत कशी घ्यावी याविषयी माझा आग्रह असा की सीलबंद पेटीतील आठ-नऊ गुणांच्या प्रतींमागे लागू नये. कोपरे मऊ झालेले, पण रंग शाबूत व मधोमध घडी नसलेले कार्ड हातात धरता येते, मागचा मजकूर वाचता येतो. मोजपट्टी मात्र खिशात असावी, कारण कडा कापून कोपरे टोकदार करण्याची लबाडी याही संचात चालते. पहिल्या १८० कार्डांच्या पाठी काहींच्या करड्या तर काहींच्या पांढऱ्या असतात. दोहोंपैकी कोणतीही चालेल असे आरंभीच ठरवावे, नाही तर एकाचे दोन संच होतात. ३४० खेरीज क्रमांक नसलेली दोन यादी-कार्डे आहेत, आणि मुलांनी त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्यामुळे कोरी प्रत फार महाग पडते. न्यू जर्सीतील एका कार्ड-मेळाव्यात एका वृद्ध विक्रेत्याने कोरी व खुणांची अशी दोन्ही कार्डे माझ्यापुढे ठेविली. मी खुणांची घेतली, आणि वाचलेल्या रकमेत थोडी भर घालून त्याच्याचकडून क्लेमेंटे घेतला.