घडीच्या इंग्रजी चाकूचा कालनिर्णय

गोंदिया जिल्ह्यात नांगरटीत एखादा इंग्रजी घडीचा चाकू वर आल्यास अभ्यासकाची दृष्टी प्रथम मुठीकडे वळते. ती फसवी होय. मुठीवरील शिंगाच्या पट्ट्या मागाहूनही बदलल्या जातात. खरी साक्ष पात्याच्या मुळाशी, धार नसलेल्या भागावरील ठशात असते. तेथील गंज खरवडू नये; तेल लावून मऊ फडक्याने पुसावा. तारा व माल्टीज क्रूस ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची खूण; परंतु तिची नक्कल फार झाली. मुकुट व ‘व्ही. आर.’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे असल्यास चाकू १८३७ पूर्वीचा नव्हे. मात्र तो १९०१ पूर्वीचाच, हे अनुमान घाईचे. पाते ‘स्टेनलेस’ असेल तर वाद मिटतो, कारण हॅरी ब्रिअर्लीचे ते पोलाद १९१३ चे.

ठसा निर्मितीचा काळ सांगतो, आगमनाचा नव्हे. या भागात रेल्वे १८८० नंतरच्या दशकात आली; त्याआधी घडलेला चाकूही नंतरच्या प्रवाशाच्या खिशातून पडलेला असू शकेल. म्हणून जागा व खोली त्याच दिवशी टिपून ठेवावी. हा प्रदेश १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असल्याने जुनी कागदपत्रे त्या नावाखाली शोधावी लागतात.